पेंढा भरलेल्या वाघाचे कान

पेंढा भरलेला बिबट्या कुठे दिसलाच, तर आधी त्याचे कान बघावेत. डोळे काचेचे, जीभ रंगवलेली. तिथे कारागीर वेळ मारून नेतो. कानाच्या बाबतीत ते जमत नाही. कड वाळवणातल्या पापडासारखी वर वळली असेल, पाळीचं कातडं आतल्या साच्यापासून सुटलं असेल, तर जनावर कितीही ऐटीत उभं असो, काम कच्चं.

खान्देशाचा पेंढा भरण्याच्या कलेशी संबंध शिकारीतून आला. १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याला वाघ इतके, की साहेबाचं नाव पलटणीइतकंच शिकारीसाठीही गाजलं. पुढच्या शतकात राजेरजवाड्यांनी मारलेल्या वाघांची कातडी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात जाऊ लागली. हा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. तोवर ४३ हजारांवर वाघ-बिबटे तिथून गेल्याचा हिशेब या कारखान्याचा इतिहास लिहिणारे पॅट मॉरिस यांनी मांडला आहे. तिथे पेंढा नसेच, कागदाच्या लगद्याचे साचे असत.

आता तो जमाना नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मेलेला बिबट्याही सरकारचा. २०१७ च्या डिसेंबरात चाळीसगाव तालुक्यातला नरभक्षक बिबट्या गोळी घालून मारला गेला. शंभर वर्षांपूर्वी तो थेट कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेला असता. आज असं जनावर जतन करायचं तर शिक्षणासाठी, वनखात्याच्या परवानगीनेच. महाराष्ट्रात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून अशा जतनाचं केंद्र आहे. ते उभं करणारे डॉ. संतोष गायकवाड मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतात. या कामाला तोच माणूस हवा. कान कुठे बसवायचा हे त्याच्या बुडाशी असलेले स्नायू ठरवतात, आणि ते पुस्तकात नव्हे, फाडलेल्या जनावरात कळतात.

कानाला आकार असतो कूर्चेचा. तिच्या पाठीवर केसाळ कातडं, आतल्या अंगाला अगदी पातळ. ससा-खारीसारख्या लहान प्राण्यात कूर्चा राहू दिली तरी चालतं. मोठ्या जनावरात ती वाळताना आकसते आणि कानालाही मुरगळते, म्हणून काढावीच लागते. बुडाकडून बोथट हत्यार सरकवत कातडं सोडवायचं आणि टोकापर्यंत कान उलटा करायचा. घाई केली की टोकाला भोक पडलंच म्हणून समजा. टोकापर्यंत मीठ पोचलं नाही तर तिथले केस सुटतात. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना रावेर-यावलच्या केळीबागेत बिबट्या मेलेला सापडला, तर कान, ओठ आणि पोट हेच आधी हातचे जातात.

काढलेल्या कूर्चेच्या जागी काय घालायचं, यावर जुन्या लोकांनी बरेच प्रयोग केले: शिशाचा पातळ पत्रा, तारेची जाळी, पुठ्ठा, कागदाचा लगदा. पत्रा हवा तसा वाकतो, पण त्याला कातडं नीट धरत नाही. पुठ्ठा पावसाळ्यात दमट होऊन मऊ पडतो. अमेरिकेत हरणाच्या कानाची प्लास्टिकची तयार अस्तरं मिळतात. बिबट्याच्या कानासाठी तशी सोय आपल्या बाजारात शोधू नये. त्यापेक्षा निघालेल्या ताज्या कूर्चेवरूनच प्लास्टरचा साचा घ्यावा. जनावराचं माप त्याच्याच कानात असतं.

त्या साच्यात घालायला गाडीचा पोचा भरायची लांबी स्वस्त आणि कुठल्याही गॅरेजवाल्याकडे मिळते. पण हार्डनर मिसळला की ती गरम होते, काही मिनिटांत दगड होते, आणि चुकलं तर सुधारायला वेळ देत नाही. एम-सीलच्या जातीची, दोन भाग मळून करायची इपॉक्सी जरा महाग पडते, पण सावकाश घट्ट होते आणि ओल्या बोटाने गुळगुळीत करता येते. माझा कौल तिलाच. फक्त थर पातळ हवा. कान जाड झाला की बिबट्याचं मांजर होत नाही, अस्वल होतं!

खरी कसोटी वाळवताना. कोकणात बुरशीची धास्ती, तर धुळे-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात कड एका रात्रीत आकसते. म्हणून कातडं साच्याला डिंकाने नीट दाबून बसवायचं, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुकडे लावून पिना टोचायच्या, वरून ओलसर फडकं टाकायचं आणि सावलीत सावकाश वाळू द्यायचं. पंखा लावायचा मोह आवरावा.

जुन्या ट्रॉफींत हमखास दिसणारी एक चूक साहित्याची नाही, निरीक्षणाची आहे. जबडा वासलेला, दात विचकलेले, आणि कान मात्र कुतूहलाने पुढे ताठ. बिबट्या चिडला की कान वळवून चपटे करतो आणि कानामागच्या काळ्या भागातला पांढरट ठिपका समोरून दिसू लागतो. म्हणजे ठिपका कुठे दिसणार हे साचा करण्याआधीच ठरवावं लागतं. कातडं एकदा वाळलं की कान फिरवता येत नाही.

आणि रंग. जिवंत बिबट्या उन्हाकडे पाठ करून बसला की पातळ पाळीतून उजेड आरपार जाऊन आतली बाजू गुलाबीसर दिसते. इपॉक्सीतून तसा उजेड जात नाही. त्यामुळे काही कारागीर बुडाशी इपॉक्सी आणि कडेला पातळ प्लास्टिक असं जोडकाम करतात, आणि आतून अगदी फिकट रंगाचा हात फिरवतात.