तुऱ्याचं गाव

कोल्हापूर-सांगलीकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याचा जीव हळहळतो. वाढ थांबते, कांड्यांना दशी पडते, वजन घटतं. पण नवा वाण घडवणारे शास्त्रज्ञ याच तुऱ्याची वाट पाहत असतात. आपण कांडी लावतो, तेव्हा डोळ्यातून उगवतो तो जुनाच ऊस, हुबेहूब. दोन वाणांचा संकर करायचा तर तुराच हवा. त्यातल्या धुळीसारख्या बारीक बियांमधूनच नवं रोप येतं.

न्यू गिनीतलं हे गवत माणसाने फार दूरवर नेलं. आज ब्राझील आणि भारत उसात आघाडीवर आहेत. दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर, ३६ अंश उत्तरेच्याही वर, अरबांनी नेलेला ऊस शतकानुशतकं पिकला. तिथला शेवटचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. अमेरिकेतल्या लुइझियानात हिमतुषारांच्या आत, जेमतेम नऊ महिन्यांत तोड उरकावी लागते.

पण पिकणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. दिवस लहान होत साधारण साडेबारा तासांवर आला आणि रात्री उबदार असल्या, तरच शेंड्यात तुरा धरू लागतो. असे दिवस सलग मिळावे लागतात. लुइझियानात दिवस झपाट्याने आखडतो, मागोमाग थंडी येते. म्हणून तिथल्या वाणांसाठी फ्लोरिडातल्या कॅनल पॉइंटला संकर होऊ लागले.

कोइमतूर ११ अंशांवर आहे. तिथे दिवस संथपणे लहान होतो, आणि तुरे भरभरून येतात. १९१२ मध्ये तिथे ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड, जाड उसाचा संकर थेट रानटी काश गवताशी घडवला. गोडी एकाची, काटकपणा दुसऱ्याचा. त्यातून आलेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबातल्या शेतांत गेला. मला हा संकर शेतीच्या इतिहासातल्या मोठ्या धाडसांपैकी एक वाटतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातही रात्री गार, त्यामुळे बी धरेना. मग कोइमतूरला केलेल्या संकराचं बी तिकडे गेलं, तिथल्या मातीत रोपं निवडली गेली आणि एनको ३१० हा वाण जन्मला. ‘एन’ नाताळचा, ‘को’ कोइमतूरचा. पुढे तो तैवानच्या शेतांतही पसरला.

आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेल्या को ८६०३२ मधला ‘को’ही तोच.