डोक्याला मार लागला? मग आज खेळ बंद!

मुलगा शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि सहज सांगतो, "आज कबड्डीत पकड करताना डोकं आपटलं, पण काही नाही झालं." कपाळावर टेंगूळ नाही, रक्त नाही. तुम्हीही निश्चिंत होता. पण मेंदूला बसलेला धक्का बाहेरून दिसत नाही. त्यालाच डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात.

नेमकं काय होतं?

डोक्याला किंवा अंगाला जोरात हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्याचं काम काही काळ विस्कळीत होतं. यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. बहुतेक वेळा मूल शुद्धीवरच असतं. सीटी स्कॅनही अनेकदा नॉर्मल येतो. हेल्मेट कवटीचं रक्षण करतं, पण आतला मेंदू हलणं ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

लक्षणं कधी लगेच, तर कधी काही तासांनी दिसतात. ४ डिसेंबर २०२० चा कॅनबेराचा टी-२० सामना आठवतोय? रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला, तरी त्याने डाव पूर्ण केला. नंतर त्याला चक्कर जाणवू लागली. त्याच्या जागी आलेल्या युझवेंद्र चहलने ३ बळी घेतले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असा बदली खेळाडू देण्याचा नियम २०१९ मध्ये आला. मोठ्या खेळाडूंसाठी डॉक्टर आणि नियम आहेत. शाळेच्या मैदानावर मात्र बहुतेकदा फक्त पीटीचे सर आणि सोबतची मुलंच असतात.

एका मुलामुळे बदललेला कायदा

२००६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा शाळेकडून अमेरिकन फुटबॉल खेळत होता. डोकं आपटल्यावर तो थोडा वेळ बाहेर बसला आणि पुन्हा मैदानात उतरला. सामना संपताच तो कोसळला. मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण पुन्हा बोलायला आणि चालायला शिकण्यात त्याची वर्षं गेली. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला. कन्कशनची शंका आली की विद्यार्थ्याला लगेच मैदानाबाहेर काढायचं आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले.

पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला, तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. असं क्वचितच होतं, पण मुलं आणि किशोरवयीन खेळाडूंना हा धोका जास्त असतो.

शाळेत काय शिकवता येईल?

यासाठी पीटीचा एक तास पुरेसा आहे.

• लक्षणं ओळखा: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अंधूक दिसणं, उजेड किंवा आवाज सहन न होणं, स्कोअर न आठवणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उगाच चिडचिड.

• मित्रासाठी बोला: मार लागलेल्या मुलाला स्वतःला काय होतंय ते नीट कळतच नाही. म्हणून सोबतच्या मुलांनी सरांना सांगायचं. ही चहाडी नाही, मदत आहे.

• नियम पाठ करा: शंका आली तर खेळ थांबवा. त्या दिवशी परत मैदानात जायचं नाही.

मुलं दुखणं लपवतात, कारण संघातली जागा जाईल अशी भीती असते. त्यामुळे कोचनी हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगावं, "खरं सांगितलं म्हणून कुणाची जागा जाणार नाही." हे एक वाक्य मुलांना बोलतं करतं.

तुम्ही घरी काय कराल?

मार लागल्याचं कळलं की डॉक्टरांना दाखवा. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती द्या, मोबाइल आणि टीव्ही कमी करा. घरातल्या घरात थोडं चालणं चालतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळी देऊ नका.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, अडखळतं बोलणं, हातापायात अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं किंवा मूल नीट जागं न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

परतीची वाट पायरीपायरीने असते: आधी शाळा आणि अभ्यास, मग हलका व्यायाम, मग धक्का न लागणारा सराव. डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. खेळाच्या प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्या. त्रास वाढला तर एक पायरी मागे या.

आज जेवताना मुलांना एवढंच विचारा, "खेळताना मित्राचं डोकं आपटलं, तर तू काय करशील?" उत्तर "सरांना सांगेन" असं आलं, तर शाबासकी द्या. नाही आलं, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा आणि पुढच्या पालकसभेत पीटीच्या सरांशी नक्की बोला.