सीटी स्कॅनची फिल्म बोटीवर नको, घरात जपून ठेवा



गेल्या वर्षी बंदीच्या दिवसांत आपल्या एका खलाशाचा खोकला जाईना. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला म्हणून छातीचा सीटी स्कॅन काढला. डॉक्टर म्हणाले, डाग लहान आहे, सहा महिन्यांनी परत बघू. सहा महिने भरले ऐन सीझनात. "आता बंदीतच जाईन," म्हणत तो थांबला. यंदा जूनमध्ये गेला, तर बोटीवर ठेवलेली फिल्म दमट हवेने चिकटलेली, सीडीचा पत्ता नाही. ताडून बघायला काहीच नाही. आता नवा स्कॅन काढून पुन्हा तीन महिने वाट बघायची. घरच्यांच्या जिवाला घोर तो वेगळाच.

एक्स-रेत सगळी छाती एकाच सावलीत दिसते. हृदयामागे, बरगडीमागे असलेलं कधी सुटून जातं. सीटीत मशीन अंगाभोवती फिरून इसवणाचे काप करावेत तशी छातीची आडवी चित्रं काढतं. काही मिलिमीटरची गाठही दिसते. क्षयाचे जुने व्रण, फुप्फुसं कडक होण्याचा आजार, मार लागल्यावर आतला रक्तस्राव यातही त्याचा उपयोग होतो. रक्ताची गुठळी शोधायची तर शिरेतून औषध देतात. मूत्रपिंडाचा त्रास, अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा.

पण फिश फाइंडरवर खूण दिसली तरी मासळी कुठली ते जाळं ओढल्यावरच कळतं. तसंच इथेही. क्षयाची खात्री थुंकी तपासून होते, कर्करोगाची तुकडा तपासून. लहान डाग बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. तो वाढतोय का, हे मात्र जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवूनच समजतं.

आपल्या मनाने स्कॅन काढू नका. छातीच्या एका नेहमीच्या सीटीत साधारण साठ-सत्तर एक्स-रेइतके किरण अंगात जातात. पण वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी कमी किरणांच्या स्कॅनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा स्कॅन केलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एक्स-रे केलेल्यांपेक्षा २० टक्के कमी होते.

बोटमालकांना एकच विनंती. खलाशाची तपासणीची तारीख आली की त्याला एक फेरी सुट्टी द्या. फेरी पुन्हा मिळेल.

आपला,
सचिव