पहिल्या केंद्राचा खर्च कोणाचा?

अंतर्गोल आरशावर पडलेले समांतर किरण नाभीपाशी एकत्र येतात, हे आपण वर्गात शिकवतो. आरसा पन्हळीसारखा लांबट आणि अन्वस्त आकाराचा केला, की किरण एका रेषेवर जमतात. त्या रेषेवर नळी बसवून तीतून तेल फिरवले, तर ते सुमारे ३९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या उष्णतेने केलेली वाफ टर्बाइन फिरवते. कॅलिफोर्नियात १९८४ ते १९९० या काळात अशी नऊ केंद्रे उभी राहिली.

मग राजस्थानात काय ऊन कमी होते? अडले ते पैशापाशी. एखादे तंत्र देशात प्रथमच उभारायचे, तर सुटे भाग महाग पडतात, कारागीर नवखे असतात आणि बँकेपुढे ठेवायला मागचे उदाहरण नसते. म्हणून व्याज चढे. दहावे केंद्र स्वस्त पडेल, पण त्याआधी पहिले उभारायला हवे ना!

१९९१ साली सुरू झालेल्या ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी या निधीने यासाठी एक सूत्र ठरवले. नेहमीच्या केंद्राला जेवढा खर्च आला असता तेवढा देशाने करावा. स्वच्छ तंत्रामुळे वाढणारा फरक निधी देईल. भारत, इजिप्त, मोरोक्को आणि मेक्सिको या चार देशांतले प्रकल्प निवडले गेले. आपला प्रकल्प जोधपूरजवळच्या मथानियाचा. (हे गाव तसे मिरचीसाठी प्रसिद्ध!) १४० मेगावॉटपैकी ३५ सौर, बाकीचे इंधनावर, आणि अनुदान ४.९ कोटी डॉलर. पण इंधन कोणते आणि ते आणायचे कसे, हेच नीट सुटेना. केंद्र उभे राहिलेच नाही.

इजिप्तमध्ये कुरैमातचे केंद्र २०११ साली चालू झाले. १४० मेगावॉटमध्ये सौर वाटा २०. मोरोक्कोच्या ऐन बेनी मथारला तर ४७२ मध्ये २०, म्हणजे शेकडा चारहून जेमतेम जास्त. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. सौरभाग वायुकेंद्राला जोडल्याने जोखीम कमी झाली, हे खरे. पण प्रात्यक्षिक नक्की कशाचे झाले, असा प्रश्न आम्हांला पडतो. आमच्या मते मथानियाचा सौरभाग लहान पण स्वतंत्र असता, तर इंधनाच्या प्रश्नात तो अडकला नसता.

राजस्थानात अन्वस्त पन्हळींचे ५० मेगावॉटचे केंद्र अखेर २०१३ साली नोख येथे चालू झाले. मथानियासाठी मंजूर झालेले अनुदान त्याच्या वाट्याला आले नव्हते.