दिवाळीला दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात का सोलतो? रंगाआधी खोली तयार करण्याची पद्धत

सप्टेंबर संपत आला की चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, गडचिरोली या भागात पेंटर मिळेनासे होतात. प्रत्येकाला दिवाळीच्या आत घर रंगवून हवे असते. नेमकी हीच वेळ रंगासाठी सगळ्यात अडचणीची असते. मान्सून विदर्भातून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. म्हणजे जून ते सप्टेंबर चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीवर आपण दोन-तीन आठवड्यांत प्लास्टिकसारखा बंद थर चढवतो. दिवाळीत घर झकास दिसते. पण आत अडकलेला ओलावा हळूहळू रंगाला मागून ढकलत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे निघतात.

दोष बहुतेक वेळा रंगाच्या कंपनीवर टाकला जातो. खरे कारण त्या थराच्या मागे असते. रंग भिंतीला धरतो की नाही, हे डबा उघडण्याच्या आधीच ठरलेले असते. म्हणून या लेखात रंगाच्या छटांबद्दल काही नाही, फक्त त्याआधीच्या कामाबद्दल आहे.

आधी पाणी कुठून येते ते शोधा

ओल दिसली की वॉटरप्रूफ रंग मारायचा, हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. आतून मारलेला असा थर पाणी थांबवत नाही, फक्त त्याचा रस्ता बदलतो. पाणी भिंतीतच राहते आणि थोडे वर जाऊन दुसरीकडे फुटते.

ओलीची जागा पाहिली तर कारण बऱ्याचदा कळते. छताला लागून डाग असेल तर स्लॅबची भेग, पॅरापेट किंवा फुटलेले कवेलू तपासा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात डाग असेल तर छज्जा आणि चौकटीभोवतीची फट पाहा. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर मधोमध ओल असेल आणि ती उन्हाळ्यातही जात नसेल तर पाइप गळत असण्याची शक्यता मोठी. आणि जमिनीपासून वर चढणारी, वरच्या बाजूला नागमोडी रेघ असलेली ओल म्हणजे जमिनीतले पाणी विटांमधून वर येत आहे. जोत्यावर ओल अडवणारा थर, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, तो जुन्या घरांत नसतो किंवा निकामी झालेला असतो. चंद्रपुरात परकोटाच्या आतल्या जुन्या वस्तीत फिरलात तर अशा रेघा घराघरांत दिसतील. अंगणाची किंवा रस्त्याची पातळी वर्षानुवर्षे वाढत जाऊन जोते बुडाले असेल, तर फक्त बाहेरची माती आणि गिट्टी उपसून पाणी दूर काढून दिल्यानेही बराच फरक पडतो.

कारण दुरुस्त केल्यावर भिंत कोरडी झाली का, हे हात लावून कळत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. साधारण दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. नंतर पाहा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा धुके असेल तर भिंत ओली आहे, थांबा. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर पुढे जा. ही चाचणी एकाच जागी न करता खाली, मध्ये आणि संशयाच्या जागी करा.

पुराचे पाणी शिरलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडच्या बाजारपेठेत पाणी येते, हे तिथल्या लोकांना नवीन नाही. जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत असंख्य घरांत पाणी उभे होते. अशी भिंत वरून आठवड्याभरात वाळल्यासारखी दिसते, पण विटेच्या गाभ्यात पाणी राहते. बांधकामातला ढोबळ हिशोब असा की भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना लागतो. म्हणजे ९ इंची भिंतीला नऊ महिने. आपल्याकडचा मार्च-एप्रिल या हिशोबातून काही दिवस नक्की कमी करतो, तरी जुलैत भिजलेले घर ऑक्टोबरात रंगवायला तयार नसते. सुटलेला, वाजवल्यावर पोकळ आवाज देणारा गिलावा काढून विटा उघड्या ठेवल्या तर भिंत लवकर सुकते. ते दिसायला वाईट असते हे मान्य, पण एक दिवाळी उघड्या भिंतीची काढणे दोनदा रंगाचा खर्च करण्यापेक्षा स्वस्त आहे.

खरे सांगायचे तर आपल्या हवेत रंगकामाचा सण दिवाळी नसून गुढीपाडवा असायला हवा. मे महिन्यात गळती दुरुस्त करावी, पावसाळाभर ती खरेच थांबली का ते पाहावे, थंडीत भिंत सुकू द्यावी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग द्यावा. दिवाळीला फार तर दिवाणखान्यातली कोरडी भिंत आणि दाराची चौकट रंगवा.

लोणा पाण्याने धुऊ नका

भिंतीवर पांढरी, मिठासारखी पूड येते तिला लोणा लागला म्हणतात. विटा, वाळू, सिमेंट आणि जमिनीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेले की तिथेच उरतात. बरेच जण ओल्या फडक्याने ते पुसून काढतात. भिंत स्वच्छ दिसते, पण क्षार पुन्हा विरघळून आत गेलेले असतात आणि काही दिवसांत परत येतात. लोणा कोरड्या ताठ ब्रशने झाडा, पडलेली पूड सुपलीत गोळा करून घराबाहेर टाका आणि आठवडाभराने पुन्हा झाडा. पूड येणे थांबत नसेल तर पाणी अजून येत आहे असे समजा. तिथे पुट्टी भरली तर ती पापडासारखी सुटेल.

भिंतीवर आधी काय आहे?

पेंटरला हा प्रश्न विचारा, आणि उत्तर स्वतःही तपासा. कोरडा तळहात भिंतीवर जोरात घासा. हाताला पांढरे लागले तर वर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. असा भुकटीचा थर स्वतःच भिंतीला सैल असतो. त्यावर मारलेला महागडा इमल्शन रंग भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो. चुन्याचे अनेक थर साचलेल्या भिंतीवर पाणी शिंपडून, थर मऊ करून खरवडावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाईत सगळ्यात आधी हेच गाळले जाते.

हाताला काही लागत नसेल तर ब्लेडने रंगावर फुलीसारखी चीर द्या, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तेवढा भाग खरवडायलाच हवा. काही आले नाही तर जुना रंग काढण्याची गरज नाही, घासून खडबडीत केला की पुरे. चमकदार ऑइल पेंटवर मात्र घासल्याशिवाय काहीही मारू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर नवा थर नखाने निघतो.

धूळ, काजळी, बुरशी

दुर्गापूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, भोवतालच्या कोळसा खाणी आणि त्यांची वाहतूक यामुळे चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा पट्ट्यातल्या घरांत बारीक काळी धूळ बसते. ती वरून फारशी दिसत नाही. पांढऱ्या रुमालाने पंख्याच्या वरची भिंत पुसून पाहा. स्वयंपाकघरात या धुळीला फोडणीच्या तेलाचा चिकटपणा जोडला जातो आणि त्यावर पाण्यात मिसळणारा रंग जागोजागी गोळा होऊन फाटतो.

रंगवलेली भिंत आधी कोरडी झाडा. मग कोमट पाण्यात कपडे धुण्याची थोडी पावडर किंवा धुण्याचा सोडा घालून स्पंजने खालून वर धुवा. वरून सुरुवात केली तर मळके ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांचे पट्टे निघत नाहीत. शेवटी साध्या पाण्याने पुसा, साबण राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही.

काळे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी. ती घासून रंग मारला तर ती रंगाखाली वाढत राहते. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग असे मिश्रण लावून १५-२० मिनिटे ठेवा, मग घासून धुवा. खिडक्या उघड्या हव्यात, हातमोजे हवेत. आणि ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

जंगलाजवळच्या घरांत आणखी एक तपासणी करावी लागते, वाळवीची. चौकटीच्या कडेने मातीची बारीक नळी वर गेलेली दिसली तर ती मध्येच थोडी मोडून ठेवा. काही दिवसांत पुन्हा जोडली गेली तर आत वाळवी जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त करा. आमच्याकडे सगळे सागवान आहे, असे म्हणून निर्धास्त राहू नका. सागाच्या गाभ्याचे लाकूड टिकते, पण कडेचे फिकट लाकूड वाळवी खाते, आणि जुन्या चौकटींत दोन्ही असतात.

जुन्या दारांवरचा रंग जपून घासा

हा भाग घाईत वाचू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असायचे, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांत. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या दारे, खिडक्या, गज आणि पाळण्यांवरच्या रंगात शिसे असू शकते असे धरून चाला.

रंग भिंतीवर शाबूत असताना धोका कमी असतो. कोरडे घासले की त्याची धूळ होते, ती फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. म्हणून अशा जागी पाणी लावून वॉटर पेपरने ओले घासा. ज्योतीने रंग जाळून काढू नका. गरोदर स्त्री आणि मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि खरवड प्लास्टिकमध्ये बांधून टाका, चुलीत किंवा परसबागेत नको.

पुट्टी आणि गिलावा घासतानाची धूळही फुप्फुसांना वाईट असते. पेंटर तोंडाला रुमाल बांधून दिवसभर घासतो. बारीक धूळ रुमाल अडवत नाही. एन ९५ मास्क तुम्ही आणून दिलात तर त्याचा खर्च रंगाच्या एका डब्यापुढे काहीच नाही.

पुट्टी आणि प्रायमर

नव्या सिमेंट गिलाव्याला पाणी मारून झाल्यावर सुकायला निदान चार आठवडे द्या. ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि रंग जाळते.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या गिलाव्यासाठी असते. ती लावण्याआधी भिंतीवर हलके पाणी मारतात, नाहीतर कोरडी भिंत पुट्टीतले पाणी शोषते आणि पुट्टी भुसभुशीत राहते. जुन्या रंगावर ती नीट धरत नाही. तिथे प्रायमरनंतर ॲक्रिलिक पुट्टी योग्य. दोन्ही प्रकारांत जाड एक थर देण्यापेक्षा पातळ दोन बरे. वाळल्यावर १८० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने घासा, अंधारात भिंतीलगत टॉर्च धरून उंचवटे पाहा, धूळ पुसा आणि मगच प्रायमर मारा. एप्रिल-मेमध्ये काम सकाळीच उरका. दुपारी तापलेल्या भिंतीवर प्रायमर पसरण्याआधीच सुकतो.

मातीच्या भिंतीला प्लास्टिक नको

गडचिरोलीच्या आतल्या गावांत बांबूच्या कुडाची किंवा मातीची घरे आजही आहेत, आणि त्यांच्यावर इमल्शन मारण्याची हौसही वाढली आहे. मातीची भिंत ओलावा घेते आणि सोडते. तिच्यावर बंद थर चढवला की आतली माती मऊ होते आणि रंगासकट ढलपा पडतो. भेगा माती आणि भुशाच्या लगद्याने भरा, वाळू द्या, आणि पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने पोता. चुना आदल्या दिवशी भिजवून गाळून घ्या. विरताना तो उकळतो, तेव्हा डोळे सांभाळा. इथे नियम उलटा आहे: चुना लावताना भिंत किंचित ओलसर हवी.

खोली रिकामी करताना

सामान शक्यतो बाहेर, नाहीतर मधोमध गोळा करून झाकून ठेवा. फरशीवर जुन्या चादरी घाला, प्लास्टिकवर शिडी सरकते. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डच्या पट्ट्या खोलून ठेवा. ओल्या स्पंजने चालू बोर्डाभोवती पुसणे जिवावर बेतू शकते. खिळे काढा, भोके भरा, आधी छत आणि मग भिंती घ्या.

शेवटी दर ठरवतानाची गोष्ट. पेंटर चौरस फुटाचा एकच भाव सांगतो, आणि त्यात घासण्या-खरवडण्याला पैसे न उरल्याने तेच काम कमी होते. खरवडणे, पुट्टीचे थर, प्रायमर आणि रंगाचे हात यांचा दर वेगवेगळा लिहून घ्या. प्रायमर मारण्याआधी भिंत तुम्हाला दाखवायची, हेही त्याच कागदावर लिहा.