चेनसॉचा कार्ब्युरेटर : कानाने लावायचा स्क्रू

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रस्त्यावर पडलेली झाडं हटवायला सगळ्यात आधी लागला तो पेट्रोलवरचा चेनसॉ. वर्षभर पडून असलेलं हे मशीन ऐनवेळी नीट चालत नाही. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटर पिळायला लागतं. तिथेच पिस्टनचा घात होतो.

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याला वेगळं ऑइल नसतं. जे काही वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं. १:५० म्हणजे लिटरला २० मिली. म्हणजे पेट्रोल कमी केलंत की ऑइलही कमी झालं, आणि इंजिन तापलंही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी बरंच काम झालं.

स्क्रू साधारण तीन असतात. 'एल' स्लोचं मिक्स्चर बघतो, 'एच' पूर्ण रेसचं, आणि 'टी' किंवा 'एलए' नुसता स्लो कमी-जास्त करतो. एल आणि एच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की पेट्रोल कमी, उलटे फिरवले की जास्त. (काही नव्या मशीनला हे स्क्रूच नसतात, तिथे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं.)

पण स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर साफ करा. भुशाने भरलेला फिल्टर असेल तर तुम्ही कार्ब्युरेटर नाही, कचरा ॲडजस्ट करताय! पेट्रोल ताजं हवं, चेनला धार हवी, आणि इंजिन गरम झालेलं हवं.

आधी एल. आत-बाहेर फिरवून स्लो जिथे सगळ्यात जास्त चढतो ती जागा शोधा आणि तिथून पाव फेरा उलटा घ्या. झटकन रेस द्या; इंजिन अडखळलं तर अजून थोडं उघडा. मग टी ने स्लो इतका उतरवा की चेन पूर्ण थांबली पाहिजे. स्लोवर चेन फिरतेय म्हणजे मशीन वापरायचंच नाही. पायावर येतं ते.

आता एच. लाकडाबाहेर पूर्ण रेस द्या, दोन-तीन सेकंदच. आवाज थोडा फडफडता, भरडा यायला हवा. लाकडात घातलं की तोच आवाज स्वच्छ व्हायला हवा. बाहेरच जर सणसणीत, किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर लगेच एच उघडा. ऐकायला तो झकास वाटतो, लोक फसतात ते इथेच. मात्र ज्या मशीनच्या कॉइलमध्ये वेगमर्यादा बसवलेली असते, ती मर्यादा गाठली की मुद्दाम स्पार्क चुकवते आणि तशीच फडफड ऐकू येते. तिथे कानावर जाऊ नका, टॅकोमीटर लावा आणि पुस्तकातला आकडा बघा.

श्रोत्यांमधून प्रश्न : पूर्वीच्याच सेटिंगवर मशीन आता जास्त गरम होतं. असं का?

पेट्रोल बदललंय ना. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे स्क्रू तिथेच असला तरी मिक्स्चर हलकं पडतं. अशा वेळी एच थोडा उघडून पुन्हा ऐकायचं. प्लग काढून बघा : फिकट तपकिरी चांगला, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालू ठेवा.