मानवणारें काम

आपल्या भाषेंत ‘मानवणें’ हें एक मोठें अर्थपूर्ण क्रियापद आहे. हवा मानवते, पाणी मानवतें. एखाद्याला दूध मानवतें, दुसऱ्याला मानवत नाहीं. ‘आवडणें’ निराळें आणि ‘मानवणें’ निराळें. आवड जिभेवर ठरते. मानवलें कीं नाहीं, तें दोन प्रहरांनंतर पोट सांगतें. अन्नाच्या बाबतींत हा विवेक घरांतल्या लहान मुलालाहि ठाऊक असतो. परंतु ज्या कामांत आपल्या जागृत आयुष्याचा मोठा भाग खर्च होतो, तें काम आपणांस मानवतें कीं नाहीं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. पगार किती, प्रतिष्ठा किती, एवढी चौकशी करतों. आणि मग चाळिशी उलटते न उलटते तोंच ‘अलीकडे फार थकवा येतो’ म्हणून डॉक्टरांच्या दारीं जाऊन बसतों.

थकवा कामाच्या राशीमुळें येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ज्यानें आयुष्य शाळेंत घालविलें, त्याला याचें प्रत्यंतर पदोपदीं येतें. एक शिक्षक साठ मुलांना अजिंठ्याचीं लेणीं दाखवून आणील, दिवसभर ओरडेल, पायऱ्या चढेल-उतरेल, आणि संध्याकाळीं सिल्लोडच्या स्थानकावर एस. टी.तून उतरतांना ताजातवाना दिसेल. त्याच गृहस्थाला निकालाचे तक्ते भरावयास बसवा. तासाभरांत त्याचें कपाळ दुखूं लागेल. दुसऱ्याचें अगदीं उलट. रकान्यांत आंकडे बसवितांना त्याला जी शांति लाभते, ती देवळांतहि लाभत नसेल. पण पालकांची सभा ठरली कीं आदल्या रात्रीं त्याची झोंप उडते. आणि शाळेंतील वाटणी कशी असते? प्रत्येकाला एक सहल आणि प्रत्येकाला एका वर्गाचे तक्ते! ही समता गणितांतली झाली, न्यायांतली नव्हे. या दोघांनीं आपसांत अदलाबदल केली, तर कामाची रास तसूभरहि कमी न होतां दोघांचाहि शीण पुष्कळ उतरेल.

लेण्यांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांची साक्षहि काढूं. ज्या गांवावरून त्या लेण्यांना नांव पडलें, तो अजिंठा आमच्याच तालुक्यांतला. पांचव्या शतकांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळीं, तेथें कामाची एक मोठी लाट उसळली होती. त्या वेळचें २४ व्या क्रमांकाचें लेणें अपुरें राहिलें आहे. त्यांत कांहीं भाग कोरून पुरा झालेला, तर कांहीं भाग नुसता ओबडधोबड खडक, असा देखावा दिसतो. पुरीं झालेलीं लेणीं पाहून आपण विस्मित होतों. अपुरें लेणें मात्र आपणांस कामाची रीत शिकवितें. डोंगर फोडणें, खांब काढणें, मूर्ति घडविणें, भिंतीवर मातीचा गिलावा चढविणें, त्यावर चुन्याचा पातळ हात देणें आणि अखेर रंग भरणें, अशीं किती निरनिराळ्या जातींचीं कामें तेथें होतीं! घण उचलणाऱ्याच्या दंडांत जो जोर लागतो, तो बोधिसत्त्वाची भुंवई रेखाटणाऱ्या बोटांच्या काय उपयोगाचा? दोन्ही कामें थोर. पण दोन्ही एकाच हाताला सारखींच मानवतील, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

गीतेंतील अर्जुनाचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे. तो युद्ध टाकून भिक्षेवर निर्वाह करावयास निघाला होता. त्या क्षणीं त्याला तो मार्ग आवडला होता. परंतु अखेरच्या अध्यायांत भगवंतांनीं त्याला बजावलें कीं, हा तुझा निश्चय टिकावयाचा नाहीं. तुझी प्रकृतिच तुला पुन्हां रणाकडे ओढून आणील. आवड क्षणाची असते. प्रकृति मनुष्याची पाठ सोडीत नाहीं. ‘स्वधर्म’ या शब्दाला आपल्या लोकांनीं कुळाच्या कुंपणांत कोंडून ठेविलें, ही दुःखाची गोष्ट होय. स्वभाव कांहीं कुळ विचारून जन्मास येत नाहीं.

याला लक्ष्मणराव किर्लोस्करांसारखें दुसरें उदाहरण नाहीं. १८६९ मध्यें एका ब्राह्मण कुटुंबांत जन्मलेला हा मुलगा चित्रकलेच्या ओढीनें १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला. पुढें असें आढळून आलें कीं, कांहीं रंगांतला भेद त्याच्या डोळ्यांना कळत नाहीं. आवड होती, पण डोळ्यांना तें काम मानवणारें नव्हतें. लक्ष्मणराव रडत बसले नाहींत. रंग सोडून त्यांनीं यांत्रिक रेखांकन धरलें, तें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकविलें, पुढें बेळगांवीं भावाबरोबर सायकलींचें दुकान चालविलें, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे पहिले लोखंडी नांगर खपावयास दोनेक वर्षें लागलीं. लोखंडानें जमीन नासते, असें शेतकरी म्हणत. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवावा. रंग कळेनात तेव्हां लक्ष्मणरावांनीं काम बदललें. नांगर खपेनात तेव्हां बदललें नाहीं. अपयश आलें म्हणजे काम मानवत नाहीं, असें नव्हे.

त्यांचा दुसरा गुण असा कीं, दुसऱ्याला काय मानवेल हेंहि ते ओळखीत. शाळेंत ज्यांचे पाय टिकले नाहींत, अशा मंडळींतून त्यांनीं कारखान्याचे यंत्रज्ञ व व्यवस्थापक निर्माण केले. दरोडेखोर म्हणून तुरुंगांत राहून आलेल्या माणसांकडे त्यांनीं वसाहतीची राखण सोंपविली. रात्रीचें जागणें, अंधारांतली पारख, अंगचें धाडस हे गुण तेच. केवळ योग्य कामाला लागले.

त्याच कलाशाळेंत शिकलेले दुसरे गृहस्थ म्हणजे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. यांच्या डोळ्यांत कांहींच उणें नव्हतें. हैदराबादेस व लाहोरास चित्रकार म्हणून त्यांनीं पैसा व नांव दोन्ही मिळविलीं. परंतु मनाचा ओढा वेदांकडे होता. १९१८ सालीं औंधास स्वाध्याय मंडळ स्थापून त्यांनीं उर्वरित आयुष्य वेदांच्या प्रकाशनाला वाहिलें, आणि वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून ते १९६८ सालीं निवर्तले. एकाला डोळ्यांनीं चित्रकला सोडावयास लावली, दुसऱ्याला मनानें. दोघांनींहि स्वतःची परीक्षा केली आणि तिचा निकाल मानला, हा दोघांचा समान धर्म होय.

आतां कोणी म्हणेल, हे थोर पुरुष. आम्हां संसारी माणसांना धंदा थोडाच बदलतां येतो? आक्षेप रास्त आहे. परंतु धंदा न बदलतांहि पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. एक वही करावी. पंधरा दिवस रोज निजण्यापूर्वीं, दिवसभरांत केलेल्या प्रत्येक मुख्य कामापुढें एवढेंच लिहावें कीं, काम संपल्यावर मन कसें होतें: हुशार, तसेंच, कीं गळालेलें. काम करतांना कसें वाटलें तें लिहूं नये. ती जिभेची साक्ष झाली. संपल्यावरची साक्ष पोटाची. पंधरवड्यानें पानें चाळलीं म्हणजे आश्चर्य वाटेल. ज्या कामाची आपण कुरकुर करीत होतों, तेंच कित्येकदां शक्ति देणारें निघतें. आणि ज्याचा अभिमान बाळगीत होतों, तेंच रक्त शोषणारें ठरतें.

नंतर वेळेची मांडणी. आमच्या भागांत वैशाखांत नांगर धरावयाचा तर शेतकरी झुंजुमुंजू होतांच बैल जुंपतो आणि ऊन्ह चढण्यापूर्वीं सोडतो. बैलाची शक्ति केव्हां असते हें त्याला पक्कें ठाऊक असतें. स्वतःच्या शक्तीचा तसा विचार शिकलेला मनुष्यहि करीत नाहीं. ज्याची बुद्धि सकाळीं तीक्ष्ण असते, त्यानें ती वेळ वर्तमानपत्र आणि मोबाईल यांना अर्पण करूं नये. बलवान् माणसानेंहि व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, असा वाग्भटाचा दंडक आहे. डोक्याच्या कामालाहि तो लावण्यासारखा आहे. उद्यांसाठीं कांहीं शिल्लक ठेवून उठणारा मनुष्य वर्षाच्या अखेरीस अधिक काम केलेला आढळतो.

न मानवणारीं कामें तर कोणालाच चुकत नाहींत. तीं कडू औषधाप्रमाणें घ्यावीं: मात्रा थोडी, वेळ ठरलेली, आणि बरोबर योग्य अनुपान. पत्रव्यवहाराचा कंटाळा असेल तर रोज अर्धाच तास, आणि त्याच्या लगेच मागें एखादें मानवणारें काम. मात्र नव्या कामाला निदान सहा महिने दिल्यावांचून ‘हें मला मानवत नाहीं’ असा निवाडा देऊं नये. पुष्कळदां न मानवणें हें केवळ न येणें असतें. आणि कधीं कधीं तें शुद्ध आळसाचें सोंवळें नेसलेलें रूप असतें.

घरांतील वाटणीला हाच न्याय लावला पाहिजे. आमच्या घरांतून एक गृहीत कृत्य फार जुनें आहे, तें हें कीं बायकांना स्वयंपाक मानवतोच आणि पुरुषांना हिशेब मानवतोच. हें कोणी कधीं तपासून पाहिलें आहे काय? ज्या सुनेला बँकेंतले आंकडे हंसतखेळत हाताळतां येतात, तिच्याकडे घरचा जमाखर्च असावा. ज्या सासऱ्यांना चार माणसांशीं बोलल्याशिवाय करमत नाहीं, त्यांनीं भाजी आणावी. आणि एक काम तर कोणाच्या यादींतच नसतें: लक्षांत ठेवण्याचें. आजोबांच्या गोळ्या केव्हां संपतात, गॅस केव्हां नोंदवावयाचा, मुलाची फी कोणत्या तारखेपर्यंत, हें सारें बहुधा एकाच स्त्रीच्या डोक्यांत असतें. तें दिसत नाहीं, म्हणून वांटलें जात नाहीं. आणि वांटलें जात नाहीं, म्हणून ती विनाकारण चिडते असें आपण म्हणतों! तें भिंतीवर कागद लावून लिहून काढावें, आणि त्यांतील निम्मीं कलमें दुसऱ्या कोणाच्या नांवावर घालावीं.

हा विवेक करावयास मिळणें हेंहि एक भाग्यच आहे, याचें भान सुटूं नये. आमच्याच शिवारांत शेतीपंपाची वीज पाळीनें येते. रात्रीची पाळी असली कीं थंडींत, अंधारांत, साप-किरडाची पर्वा न करतां पाणी द्यावयास जावें लागतें. त्याला कोणी विचारीत नाहीं कीं तुला हें मानवतें काय. म्हणून ज्यांना निवड आहे, त्यांनीं ती वायां घालवूं नये, आणि ज्यांच्या हाताखालीं चार माणसें आहेत, त्यांनीं त्यांना तो प्रश्न अवश्य विचारावा.

सर्वांत मोठी जबाबदारी मुलांच्या बाबतींत. दहावीचा निकाल लागला कीं गुणांच्या आंकड्यावरून शाखा ठरते, आणि सिल्लोडचें पोर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठीं संभाजीनगरच्या एखाद्या खोलींत जाऊन पडतें. गुण हे मुलाला काय येतें तें सांगतात. काय मानवतें तें सांगत नाहींत. तें पाहावयाचें असेल तर कोणत्या विषयाचें पुस्तक मिटल्यावर मुलाचा चेहरा उजळलेला असतो, तिकडे वर्षभर लक्ष ठेवावें. त्याला खर्च नाहीं आणि शिकवणीहि नाहीं. आईबापांचे उघडे डोळे एवढेंच भांडवल पुरे.